सोंड्या आणि राखणेचे दगड

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, कारण आपल्याला उन्हात जायचं आहे. राजापूरच्या बाजूचा एक सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. काळपट, खडबडीत, मे महिन्यात तव्यासारखं तापलेलं. मे महिना कुठला? तुमची मुलं शाळेत जायला लागतील ना, तेव्हाचा.

आता त्या सड्यावर एक यंत्र उभं करा. चार चाकं, एकेक तुमच्या छातीपर्यंत येईल एवढं. वर काचेची खोली. आणि अंगाच्या मागून पुढे आलेला एक लांबच लांब लोखंडी हात. तो दुर्बिणीसारखा आतल्या आत मिटतो आणि बाहेर निघतो. त्याचं कागदावरचं नाव टेलिहँडलर. पण आडवलीच्या मुलांनी त्याचं नाव सोंड्या ठेवलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात मोठी माणसंही तेच म्हणू लागली होती.

सोंड्या चालवायची दुर्वाची आई, रसिका मांडवकर. दुर्वा अकरा वर्षांची. आडवली गाव सड्याच्या उतरणीला होतं, आणि गेल्या पावसाळ्यात त्या उतरणीला एवढी मोठी भेग पडली की तिच्यात गाय उभी राहिली असती. म्हणून वर, सड्यावर, नवी चौदा घरं बांधायचं काम चाललं होतं. पाऊस यायच्या आत ती व्हायलाच हवी होती. तोवर सहा घरांची माणसं शाळेत राहत होती, दुर्वाच्या वर्गात तर पांगळे आडनावाचं अख्खं कुटुंब राहायला आलं होतं, त्यांच्या बोकडासकट.

सोंड्या कसा चालतो, हे बघायला मुलं कुंपणाशी गर्दी करायची. कारण तो तीन तऱ्हांनी चालायचा. डांबरी रस्त्यावर नुसती पुढची चाकं वळवून, साध्या गाडीसारखा. अडचणीच्या जागी पुढची चाकं एकीकडे आणि मागची उलटीकडे वळवून, म्हणजे शेपटी पकडणाऱ्या कुत्र्यासारखा जागच्या जागी गिरकी घ्यायचा. आणि तिसरी चाल सगळ्यांची लाडकी. चारही चाकं एकाच बाजूला वळवायची, की तोंड समोर ठेवून हा तिरका तिरका सरकायचा, थेट खेकड्यासारखा. शिवाय जमीन कललेली असली तरी तो अंग सरळ ठेवायचा. उतारावरून डोक्यावर हंडा घेऊन येणारी बाई कशी कमरेतून सावरते? तसा.

पण हे सगळं जुनंच होतं. नवा होता तो त्याचा पायकान.

तुम्ही फणस पिकला की नाही हे कसं बघता? बोटाने टिचकी मारून. कच्चा एक आवाज देतो, पिकलेला दुसरा. जांभ्याचा सडा फणसासारखाच आहे. वरून सगळा घट्ट दिसतो, पण पाण्याने आतली माती हजारो वर्षं वाहून नेलेली असते आणि खाली कुठेकुठे पोकळ्या झालेल्या असतात. वर छत उरतं, हातभर जाडीचं, कधी वीतभर. माणूस त्यावरून जन्मभर चालेल, काही होणार नाही. नऊ टनांचं यंत्र मात्र एकदाच चालेल.

सोंड्याच्या चाकात ठोकणारं आणि ऐकणारं असं एक यंत्र बसवलेलं होतं, तोच हा पायकान. तो थांबायचा, चाकातून जमिनीला ठोका द्यायचा, परत आलेला हादरा ऐकायचा आणि पडद्यावर पुढची वाट हिरवी किंवा लाल दाखवायचा, आणि तसा आपला आपणच वळायचा; लोखंडी हात तेवढा रसिकाकडे. एका ठोक्याला आठ सेकंद. आणि कोकणातल्या सड्यांवर असे अकरा सोंडे होते. एकाला जे समजलं ते संध्याकाळपर्यंत अकराही जणांना समजायचं.

रसिकाला सुरुवातीला हे रुचलं नव्हतं. आधी ती स्वतः खाली उतरून पहारीने जमीन ठोकून बघायची. "आता काय, मी नुसती उशीसारखी बसू काय आत?" ती म्हणाली होती.

कामावरच्या इंजिनीअर नाझनीन मुकादम हसल्या होत्या. "उशी नाही रसिका. तू साक्षीदार."

"साक्षीदाराला कोर्टात जावं लागतं, मॅडम."

आता आडवलीची एक रीत सांगतो, कारण तिच्यावरच सगळं अडलं. सड्यावर कुणाला पोकळ जागा सापडली की तो तिथे दगडांची रास रचायचा. तिला म्हणायचे राखण. राशीच्या माथ्यावर एक लांबट दगड ठेवायचा, आणि खाली पोकळी ज्या दिशेला पसरली असेल त्या दिशेला त्याचं तोंड करायचं. सड्यावर अशा एकेचाळीस राखणी होत्या. राखणेच्या दगडाला हात लावायचा नाही. एका माणसाच्या पणजोबांनी घराच्या पायरीसाठी राखणेचा दगड उचलला आणि तिथे शेजाऱ्याचा बैल गेला, तर त्या घराला अजून सगळे 'बैलबुडवे' म्हणायचे. पणजोबा गेले, बैल गेला, पायरीसुद्धा गेली. नाव राहिलं.

आणि मंगळवारी दुर्वाने राखणेचे दगड उचलले.

लगोरीला चपटे दगड मिळेनात. करवंदीच्या जाळीजवळच्या राखणेत असे सुरेख चपटे दगड होते, जसे कुणी घासून ठेवलेत. "तासाभराने परत ठेवू," ती म्हणाली. प्राप्ती, तिची मैत्रीण, आधी नको म्हणाली आणि मग चार दगड तिनेच उचलले. खेळ रंगला. अंधारून यायला लागल्यावर घाईघाईत रास परत रचली. पण कुठे? खेळत होते तिथेच, जवळपास. मूळ जागेपासून पंधरा-वीस पावलं अलीकडे. लांबट दगडही वर ठेवला, कसाही.

"जवळच तर आहे," प्राप्ती म्हणाली.

दुर्वाने हात झटकले आणि घराची वाट धरली.

बुधवारी दुपारी सोंड्या तिकडून गेला. नवी रास दिसताच त्याने चाकं तिरकी केली आणि खेकडाचालीने मोठा वळसा घालून पुढे निघून गेला. मुलांनी टाळ्या पिटल्या. दुर्वाने नाही पिटल्या. ती जागा तर दगडासारखी घट्ट होती! काल सात पोरं तिथे धपाधप उड्या मारत होती. मग सोंड्याने तिला वळसा का घातला? ठोकून बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. त्याने ठोकलंच नव्हतं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, सोंड्या ठोकतो काय गो अजून?"

"कमी झालंय त्याचं." रसिका दमली होती, पण खुशीत होती. "पहिल्या महिन्यात दर चार पावलांवर ठोकायचा. आता दिवसभरात दोनदा ठोकला तर ठोकला. मॅडम म्हणतात, शिकला तो. सड्याची ओळख झाली."

दुर्वाला झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. आली. पण सकाळी जाग आली ती मनात एक खोडी घेऊनच.

ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीसमोरचा रस्ता सगळ्यात पक्का होता. खडीचे डंपर रोज त्यावरून जायचे. गुरुवारी दुपारी तिने तिथे मधोमध पाच दगडांची रास रचली आणि पायरीवर बसून राहिली. ओझं उतरवून सोंड्या आला. रास दिसली. चारही चाकं वळली, तिरकी चाल सुरू झाली. ठोका नाही. थांबणं नाही. ज्या रस्त्यावरून तो स्वतः शंभर वेळा गेला होता, तिथून तो बाजूला सरकला.

दुर्वाने ते पाच दगड बाजूला टाकले आणि प्राप्तीकडे धाव घेतली.

काय झालं होतं, तुमच्या लक्षात आलं का? एखादा मुलगा गणित येतं म्हणून नाही, शेजारच्याच्या वहीत बघून उत्तरं लिहितो. त्याचं प्रत्येक उत्तर बरोबर येतं. बाईंना वाटतं, वा! सोंड्याला सांगितलेलं होतं, चुका करू नकोस आणि वेळ वाचव. त्याच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यांना दिसलं, की जिथे जमीन पोकळ निघते तिथे दगडांची रास असतेच. मग आठ-आठ सेकंद घालवून ठोकायचं कशाला? रास दिसली की लाल. नाही दिसली की हिरवं. आडवलीच्या पणज्या-आज्यांची वही त्याने उघडून ठेवली होती आणि तो त्यातून उत्तरं उतरवत होता. हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं. म्हणून कुणाला कळलंही नव्हतं.

आणि त्या वहीचं एक पान दुर्वाने फाडलं होतं. करवंदीजवळची जागा आता बोडकी होती. म्हणजे सोंड्याच्या लेखी हिरवी.

"मॅडमना सांग," प्राप्तीला सांगितल्यावर ती म्हणाली, आणि लगेच, "नको, नको सांगू. काय सांगशील? दगड कुणी हलवले विचारतील. मग तू दुर्वा बैलबुडवे आणि मी प्राप्ती बैलबुडवे."

"बैल कुठे बुडालाय?"

"बुडेल ना!"

संध्याकाळी सांगते, असं दुर्वाने ठरवलं. संध्याकाळी आई मुकादम मॅडमबरोबर खालच्या गावात गेली. मग सकाळी सांगते, म्हणाली. सकाळी ती जाऊन रास मूळ जागी ठेवणार होती, मग कुणाला काही सांगायचीच गरज पडली नसती. माणसाचं मन असंच असतं. चूक कबूल करण्यापेक्षा ती दुरुस्त करून मोकळं व्हायला बघतं.

शुक्रवारी सकाळी ती धावत सड्यावर पोचली, तेव्हा सोंड्या करवंदीजवळच उभा होता.

सात नंबरच्या घराचं तुळईचं काम त्या दिवशी होतं. रसिका लोखंडी तुळई जमिनीलगत धरून तिथवर आली होती. अनुभवी चालक ओझं नेहमी खाली धरूनच चालतात. तोवर वजन चारही चाकांवर वाटलेलं होतं, म्हणून छताने पेललं. पण आता ती थांबली होती आणि हात वर, पुढे, आणखी पुढे काढत होती. हात जितका पुढे जातो तितकं सगळं वजन पुढच्या दोन चाकांवर येतं. बादली अंगाशी धरून उभे राहा आणि मग हात लांब करून धरा, तुमच्या पायाची बोटं कशी जमीन आवळून धरतात बघा.

सोंड्याचं पुढचं डावं चाक नेमकं बोडक्या जागेवर होतं. दुर्वाला एक आवाज आला. बारीक, कोरडा. पापड मोडल्यासारखा.

ती धावली. आणि सोंड्यापासून दहा-बारा ढांगांवर तिने स्वतःला खच्चून थांबवलं.

कारण सोंड्याभोवती दहा पावलांचं रिंगण होतं. त्याच्या आत माणूस आलं की यंत्र जिथल्या तिथे थिजायचं. हात वर असेल तर वरच, चाकं असतील तशी. चांगल्यासाठीच केलेला नियम. पण आता सोंड्या थिजला असता तर सगळं वजन त्या चाकावर तसंच राहिलं असतं, आणि आई काचेच्या खोलीत.

"आई!" ती ओरडली. काच बंद. आत पंख्याचा आवाज. वायरलेस ऑफिसात, आणि ऑफिसाला कुलूप.

रसिकाने तिला बघितलं. भुवया वर केल्या. काय गो?

कामावर ओझं उचलताना माणसं हातांच्या खुणांनी बोलतात. दुर्वाला त्या सगळ्या पाठ होत्या. तिने दोन्ही मुठी छातीसमोर धरल्या आणि अंगठे एकमेकांकडे वळवले. हात आत घे.

रसिकाने पडद्यावर बोट टेकवून दाखवलं. हिरवं आहे. सगळं हिरवं.

पुन्हा मुठी. पुन्हा अंगठे. आई मान हलवत होती. यंत्र सांगत होतं की सगळं ठीक आहे, आणि पोरगी सांगत होती की नाही. कुणाचं ऐकायचं? का ऐकायचं? आईला कारण हवं होतं, आणि कारणाची कुठलीच खूण कामावर नव्हती.

मग दुर्वाने बोट दाखवलं. आधी पलीकडच्या खोट्या राशीकडे. मग स्वतःच्या छातीवर. मग ती खाली वाकली, नसलेला दगड उचलला, पोटाशी धरला, जड पावलं टाकत चार पावलं नेला आणि ठेवला. पुन्हा स्वतःच्या छातीवर बोट. मी. मी नेले. आणि मग थेट डाव्या चाकाकडे.

रसिकाने काचेतून खाली डाव्या चाकाकडे बघितलं.

मग तिने हात आत घ्यायला सुरुवात केली. आधी आत, नंतर खाली. उलट केलं असतं, लांब हात तसाच खाली आणला असता, तर ओझं आणखी पुढे गेलं असतं आणि चाकावरचा भार वाढला असता. हात पुरता मिटला तशी मागची चाकं जड झाली आणि पुढची हलकी. डाव्या चाकाखालचा जांभा तरीही वीतभर खचला. सोंड्या कलला, त्याने अंग सावरलं, पडदा अजून हिरवाच. पडद्यावर बाण होता, सरळ मागे, आली त्याच वाटेने.

मागे नको! आली त्या वाटेने गेली असती तर डाव्या बाजूची दोन्ही चाकं त्या तडकलेल्या छतावरूनच गेली असती. राखणेच्या माथ्यावरच्या लांबट दगडाचं तोंड काजूच्या झाडाकडे होतं, मंगळवारी स्वतः उचलताना दुर्वाने ते बघितलं होतं. काजू मागे, डाव्या अंगाला. तिने दोन्ही हात पसरून मागची वाट तोडून दाखवली, आणि मग तळवे आईच्या उजवीकडे सरकवले, बोटं पसरून, तिरके. खेकडा, आई. उजवीकडे.

रसिकाने बाण बंद केला. सूचनेचा भोंगा वाजू लागला, तो दुर्वाला बाहेरही ऐकू आला. चारही चाकं वळली. सोंड्या तुळई कवटाळून, तोंड समोर ठेवून, गोगलगाईच्या गतीने उजवीकडे सरकला. एक हात. दोन हात. मागच्या चाकांचा कणा डोलला आणि चारही चाकांनी जमीन धरून ठेवली. चार हात झाले असतील नसतील, तोच मागे ताटाएवढं भोक पडलं. मग परातीएवढं. मग सगळं छतच कूस बदलावी तसं खाली गेलं, आणि लाल धूळ वर आली. खालून पाण्याचा आवाज झाला. बऱ्याच उशिराने.

रसिका खाली उतरली. दुर्वाला वाटलं, आता मार बसणार. आईने तिला पकडलं आणि इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना. "मूर्ख," ती म्हणत होती, "मूर्ख कुठली. बाय माझे."

अकरा वाजता ऑफिसात मुकादम मॅडमसमोर यंत्राचा अहवाल उघडलेला होता. तो यंत्र स्वतःच लिहितं. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"रसिका, यात लिहिलंय, 'वाट सुरक्षित होती. चालकाने दाखवलेली वाट सोडली. जमीन त्यानंतर खचली. यंत्राची चूक शून्य.'" त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "अशी एक नोंद पुरते, तुला ठाऊक आहे. वरचे लोक केव्हाचे म्हणतायत, खुर्ची काढून टाका, यंत्र एकटं चालेल. तू वाट का सोडलीस, एवढं सांग मला. काहीतरी दिसलं असेल तुला."

दुर्वा दारात उभी होती. आईने तिच्याकडे बघितलं नाही.

"काय दिसायचंय? घाबरले," रसिका म्हणाली. "घाबरून वळवली."

"तू घाबरलीस? दोन वर्षं बघतेय मी तुला."

"माणूस आहे मॅडम. कुठे सही करू?"

तिने बोट पडद्याकडे नेलं. मुलीचं नाव गावाच्या तोंडात जाऊ नये म्हणून आई स्वतःची खुर्ची देऊन टाकत होती, हे दुर्वाला लख्ख कळलं. आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली. आईच्या जागी कुणी बसलंच नाही, तर पुढच्या वेळी खुणा कुणाला करायच्या?

ती पुढे झाली आणि तिने पडद्यावर तळहात पालथा ठेवला.

"दगड मी हलवले," ती म्हणाली. "करवंदीजवळची राखण. लगोरीसाठी. आणि सोंड्या ठोकत नाही, मॅडम. तो राखणी बघून चालतो. रस्त्यावर ठेवलेल्या राशीलासुद्धा त्याने वळसा घातला. काल. मी ठेवली होती. चला, दाखवते."

मॅडम बाहेर आल्या. पाच दगड त्यांनी स्वतः रचले. सोंड्याने वळसा घातला. त्यांनी ते तीन वेळा करून बघितलं. तिसऱ्या वेळी त्या मटकन पायरीवर बसल्या. "अकरा," त्या पुटपुटल्या. "अकराही जण नक्कल करतायत. आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, शिकला म्हणून." मग फोनवर भराभर बोलल्या. त्या तासात कोकणातले सगळे सोंडे थांबवले गेले. रसिकावरची नोंद त्यांनी खोडली नाही, खाली स्वतःच्या हाताने खरं काय ते लिहिलं.

पण काम थांबलं. आणि पाऊस काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

"ठोकायला त्याला पुन्हा लावू, ते होईल," मॅडम म्हणाल्या. "पण त्याआधी मला सांगा, बाकीच्या चाळीस राखणी तरी जागेवर आहेत का? एक हलली ती कळली. दुसरी कुणी हलवली असेल तर? पुढच्या वेळी कदाचित तुळई नसेल, माणसं असतील."

कुंपणाशी आता अर्धं गाव जमलं होतं. मुलंही होती, पुढेच. "लगोरीसाठी म्हणे," कुणीतरी मागून म्हणालं, "बैलबुडव्यांना जोडीदार मिळाला." हशा पिकला. प्राप्ती आपल्या आईच्या पदरामागे गेली. दुर्वाने मुलांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. एक जण पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. एक जण आभाळाकडे बघत होता, तिथे काही नसताना. तिला ते दोन्ही चेहरे ओळखीचे वाटले. तीन दिवस तिचा स्वतःचाच तसा होता.

मोठ्या माणसांनी विचारलं असतं तर त्यातलं कुणी बोललं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

तिने आईची जुनी पहार उचलली. ती तिच्यापेक्षा उंच होती. खरवडत ओढत तिने ती पहिल्या राखणेपाशी नेली, तिथे उभी धरली, आणि हशा संपायची वाट न बघता एकेका मुलाला नावाने हाक मारायला लागली: एकेक राखण ठोकून बघायची, आणि ज्याने हलवली असेल त्याने तिथेच सांगायचं.

"प्राप्ती, तू ये आधी," ती म्हणाली.